चार काटे आणि एक जागा

रविवारी दुपारी साडेबारा वाजता जेवणाच्या टेबलाभोवती सहा खुर्च्या होत्या आणि पाच माणसं. टेबलावर चार फाइली, तीन चष्मे, पाण्याचे पाच पेले, एक कॅल्क्युलेटर आणि दुधाच्या भुकटीचा एक न उघडलेला डबा. सहावी खुर्ची वहिनीची. ती आतल्या खोलीत चौतीस दिवसांच्या बाळाला घेऊन बसली होती. दार तिने अर्धं उघडं ठेवलं होतं, म्हणजे बाहेरचं सगळं ऐकू यावं आणि तिला मात्र कोणी काही विचारू नये.

फाइली सिस्टरच्या होत्या. नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात नऊ वर्षं काढल्यावर घरातही तिचं हेच नाव पडलं होतं. नर्सिंगच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या यादीत ती तिसरी होती आणि जागा चार. दोन वर्षांचा खर्च कुठून येणार हे सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत कागदानिशी कळवायचं होतं. नाहीतर जागा पाचव्या नावाला जाणार होती.

"पुन्हा सांग," काका म्हणाले. "एकेक वाट. घाई नको."

"पहिली, हॉस्पिटलची. पूर्ण फी, शिवाय अर्धा पगार. बदल्यात पाच वर्षांचा बाँड. पाठवतील त्या शाखेत जायचं. मधे सोडलं तर दिलेल्या रकमेच्या तिप्पट परत."

"पगारी वेठबिगारी," आत्या म्हणाली. आत्या काकांची धाकटी बहीण. बँकेच्या कर्ज विभागातून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेली. पण समोर फाइल आली की अजूनही उलट्या बाजूने, शेवटच्या पानापासून वाचायची. "बारीक अक्षरातलं कलम सात वाचलंस का, भाऊ? प्रसूतीच्या रजेचा काळ बाँडमध्ये धरणार नाहीत. म्हणजे पाचाची सहा."

"दुसरी?"

"बँकेचं शैक्षणिक कर्ज. तारण वर्कशॉपचं आणि सहकर्जदार तुम्ही."

दादाने खुर्ची मागे सरकवली. सिस्टरचा हा मोठा भाऊ, वहिनीचा नवरा, काकांबरोबर वर्कशॉप सांभाळत होता. वजनकाटे दुरुस्त करायचे, प्रमाण वजनांशी ताडून बघायचे आणि सील लावायचं, हे या घरातल्या तिसऱ्या पिढीचं काम. "म्हणजे नवीन बेंचसाठी मी जे कर्ज मागणार होतो ते राहिलंच."

"तुझा बेंच कुठे पळून जाणारे?" आत्या म्हणाली.

"आणि हिचं कॉलेज?"

"पळूनच चाललंय. उद्या पाचला."

"तिसरी," सिस्टर मधेच म्हणाली, कारण ही दोघं एकदा सुरू झाली की थांबत नसत, "सरकारी विद्यावेतन. पण ते प्रवेश झाल्यावर. पहिला हप्ता हातात यायला सहा-सात महिने जातात, आणि फी तर आधीच भरायची."

"म्हणजे वाट आहे, पण सुरुवातीचाच पूल नाही," काका म्हणाले. "चौथी?"

सिस्टरने चौथी फाइल उघडली नाही, नुसता तिच्यावर हात ठेवला. "एका विश्वस्त संस्थेची फेलोशिप. फक्त काम करणाऱ्या परिचारिकांसाठी. फी, दोन वर्षांचा राहण्याचा खर्च आणि संशोधनाला लागणारी उपकरणं. बाँड नाही, तारण नाही. निकाल सहा आठवड्यांनी. अर्जाची पोच दाखवली तर कॉलेज तोवर जागा धरून ठेवतं."

"मग अडलंय कुठे?"

"नकार आला तर जागा गेली. आणि हॉस्पिटलची ऑफरही उद्यापुरतीच आहे." ती थांबली. "शिवाय अर्ज लिहूनच झालेला नाही. ते विचारतात, तुमच्या रोजच्या कामात तुम्हाला असं काय दिसतं, जे अजून कोणी मोजलेलं नाही? दोन पानं लिहायची आणि सोबत एक प्राथमिक नोंद जोडायची. तीन वेळा लिहिलं आणि तीन वेळा खोडलं. मला जे दिसतं ते सगळ्यांनी आधीच मोजून ठेवलंय."

काकांनी चष्मा काढून पुसला. "मग ठरलं की. हॉस्पिटल. मी जामीन, तुझी आई जामीन. पाच वर्षं म्हणजे काय जन्मठेप आहे?"

आईच्या हातात पेन आधीपासूनच होतं. ते तिने कधी उचललं हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"मी काही बोलत नाही," आई म्हणाली.

"तू बोलत नाहीस तेव्हाच सगळं बोलून होतं तुझं," आत्या म्हणाली.

आईला ते लागलं, कारण ते खरं होतं. हॉस्पिटलच्या चारही शाखा बसने दोन तासांच्या आत होत्या, हे तिने नकाशावर बोट ठेवून बघितलं होतं. नवरा गेल्यापासून या मुलीच्या ड्यूटीच्या वेळांवर तिचं घड्याळ चाललं होतं. मुलीने शिकावं असं तिला मनापासून वाटत होतं. फक्त शिकून झाल्यावर तिचा डबा भरायला आपण असावं, एवढंच. पण असं काही टेबलावर मांडता येत नाही. तिथे कलमं आणि टक्के लागतात. म्हणून ती गप्प होती आणि पेनाचं टोपण काढत-लावत होती.

आत बाळ रडू लागलं.

"भुकेलंय," आई म्हणाली, आणि बोलायला विषय मिळाल्यासारखा तिचा आवाज मोकळा झाला. "तासापूर्वीच घेतलं होतं ना? मी म्हणते ते हेच. दूध पुरत नाही तिचं."

दार पूर्ण उघडलं. बाळाला खांद्यावर घेऊन वहिनी उभी होती. गेले बारा दिवस हे वाक्य ती वेगवेगळ्या आवाजात ऐकत होती. सासूच्या काळजीत, शेजारणीच्या सल्ल्यात, नवऱ्याच्या न बोलण्यात. आधी तिला राग यायचा. मग ती रात्री उठून मोबाइलवर वाचायची. आता नुसता थकवा उरला होता.

"डबा उघडा," ती म्हणाली. "आजपासून देऊया. मला आणखी वाद नकोत."

"वाद कुठे आहे?" दादा कसनुसा म्हणाला. "आकडेच सांगतात. मी रोज वजन करतो ना. वहीत आहे सगळं."

"कसली वही?" सिस्टरने विचारलं. ती महिनाभर रात्रपाळीला होती. दिवसा घरात काय चालतं, यातलं निम्मं तिला झोपेत कळायचं.

दादाने वही आणली. प्रत्येक पानावर पट्टीने रेघा, तारीख, वेळ, वजन, खाली सही. काट्यांच्या माणसाची वही. सिस्टर वाचत गेली. तीन हजार सहाशे चाळीस. सहाशे पंच्याहत्तर. सहाशे साठ. पुन्हा सहाशे साठ. सातशे दहा. सहाशे नव्वद.

"दोनदा घटलंय," दादा म्हणाला, "आणि तीनदा होतं तिथेच. मी चुकत नसतो. रोज संध्याकाळी सहाला, कपडे काढून."

"काटा कोणता?"

"म्हणजे?"

"दादा, रोज कोणत्या काट्यावर ठेवतोस त्याला?"

"बेंचवर जो दुरुस्त होऊन रिकामा असेल त्याच्यावर. सगळे पास झालेले असतात. सील लावलेले."

या घरात वजनकाटा ही मिठासारखी वस्तू होती, मागे-पुढे नेहमी असणारी. दुसऱ्या कुठल्याही घरात बाळासाठी एकच काटा आणला गेला असता, आणि रोज तोच वापरला गेला असता. इथे रोज नवा होता, आणि प्रत्येकावर काकांचं सील होतं.

सगळ्यांत आधी उठले ते काका.

वर्कशॉप घराला लागूनच, मधे एक दार. बेंचवर चार दुरुस्त काटे होते. किराणा दुकानाचा, दोन भाजीवाल्यांचे, एक भंगारवाल्याचा. काकांनी कपाटातून लाकडी पेटी काढली. आत मखमलीच्या खाचांमध्ये प्रमाण वजनं होती. त्यांना कोणी बोट लावायचं नाही हा घरातला सगळ्यात जुना नियम. बोटाच्या घामालाही वजन असतं. काकांनी हातमोजे घातले, दोन-दोन किलोची दोन वजनं उचलली आणि पहिल्या काट्यावर ठेवली.

"तीन हजार नऊशे पंच्याण्णव," दादाने वाचलं.

दुसरा. "चार हजार दहा."

तिसरा. "चार हजार."

भंगारवाल्याचा. "तीन हजार नऊशे ऐंशी."

"सगळे पास आहेत," दादा हळू म्हणाला. "सगळे मर्यादेत आहेत."

"बटाट्यांच्या मर्यादेत," काका म्हणाले.

सिस्टर चारही आकड्यांकडे पाहत होती. "सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांत तीस ग्रॅमचा फरक आहे. या वयाचं बाळ दिवसाला किती वाढतं, माहितीये? पंचवीस ते तीस. दादा, तू बाळ मोजतच नव्हतास. तू काटे मोजत होतास."

दादा वहीकडे पाहत राहिला. बारा पानं, बारा सह्या. मग बायकोकडे बघायला त्याला बराच वेळ लागला. बाळाच्या पाठीवर फिरणारा वहिनीचा हात थांबला.

"सॉरी," दादा म्हणाला.

"ते नंतर," वहिनी म्हणाली. "आधी मला सांगा, पुरतंय की नाही?"

"ते मोजता येतं," सिस्टर म्हणाली. "पाजण्याआधी वजन, पाजल्यावर वजन. तेच कपडे, तोच लंगोट, ओला झाला तरी बदलायचा नाही. फरक म्हणजे पोटात गेलेलं दूध. एका वेळेवरून काही ठरत नाही, कधी जास्त घेतं, कधी कमी. पूर्ण चोवीस तास मोजायचं. पण त्याला एक ग्रॅमपर्यंत खरा काटा हवा."

"औषध कारखान्याचा आहे ना," काका म्हणाले. "मंगळवारी न्यायला येणार आहेत. दहा किलो, एक ग्रॅमचा." ते स्वतः त्याच्यावरचं आवरण काढत होते. काटा सपाट बसावा म्हणून पाण्याचा बुडबुडा वर्तुळाच्या मधोमध आणला, पंखा बंद करायला लावला, चार किलो ठेवले. चार हजार. काढले, पुन्हा ठेवले. चार हजार. तिसऱ्यांदाही तेच.

बाळ मात्र वजनासारखं स्थिर नव्हतं. पाय झाडले की आकडा नाचायचा.

"गुरांचे काटे दुरुस्त केलेत मी," काका म्हणाले. "जिवंत माल हलतोच. पाच वेळा वाच आणि मधला घे."

"माझ्या लेकराला माल म्हणू नका," वहिनी म्हणाली. बारा दिवसांत ती पहिल्यांदा हसली होती.

"बरं, सूनबाई. जिवंत मालक."

तीन हजार आठशे नव्याण्णव. नऊशे पाच. नऊशे दोन. आठशे शहाण्णव. नऊशे आठ. दादाने मांडणी केली, मधला काढला: तीन हजार नऊशे दोन. वेळ एक वाजून चाळीस मिनिटं.

"किलोमागे दिवसाला साधारण दीडशे," सिस्टर म्हणाली. आत्याने कॅल्क्युलेटर आणलेलाच होता. "पाचशे पंच्याऐंशी," ती म्हणाली. "चोवीस तासांत एवढं गेलं पाहिजे."

वहिनी बाळाला घेऊन आत गेली. बावीस मिनिटं वर्कशॉपमध्ये कोणी बसलं नाही. परत आणून ठेवलं तेव्हा बाळ झोपेला आलं होतं, मुठी सैल. आकडा जवळजवळ हललाच नाही. पाच वेळा वाचून मधला: तीन हजार नऊशे त्र्याहत्तर.

"एकाहत्तर," आत्या म्हणाली.

काका काट्याकडे पाहत उभे होते. एकेचाळीस वर्षांत त्यांनी साखर मोजली होती, सोनं, लोखंड, कापूस, रसायनं. काय मोजलं नाही हे आठवणं जास्त सोपं होतं. पण जे कोणी पाहिलं नाही, जे भांड्यात पडलं नाही, एका शरीरातून दुसऱ्यात गेलं आणि मधे कुठेच उघड्यावर आलं नाही, ते पहिल्यांदाच त्यांच्या काट्यावर आलं होतं. त्यांनी हातमोजे काढले आणि कुठे ठेवावेत हे न कळून पुन्हा घातले.

"हे तू रोज करतेस?" त्यांनी विचारलं.

"वॉर्डात करायचो आधी. आता क्वचित. घाई असते." सिस्टर बोलता बोलता थांबली. "काका, आमच्याकडे तीन काटे आहेत. जो रिकामा असेल तो." तिचा आवाज बदलला. "दादाने केलं तेच आम्ही करतो. वजन वाढलं नाही म्हणून डबा सुरू करा, असं आम्ही किती आयांना सांगितलं असेल? त्यांतल्या किती वेळा बाळ वाढलं नव्हतं आणि किती वेळा नुसता काटा बदलला होता? हे कोणी मोजलेलंच नाही."

आत्याने हळूच विचारलं, "दोन पानांत बसेल का हे?"

"बसेल."

"आणि राहिलेल्या खर्चाचं मी बघते. फेलोशिपच्या पलीकडे थोडं कमी पडलं तर विनातारण छोटं कर्ज मिळतं. ते दारसुद्धा मला उलट्या बाजूने माहितीये."

"पण नकार आला तर?" काका म्हणाले. आवाजात मघासारखा निकाल नव्हता, खरी भीती होती. "सगळंच जाईल, पोरी."

"जाईल. आणि आपल्या बाळाचा आकडा कमी आला तरी प्रश्न खराच राहील, काका. आकडा काय येतो यावर मी अर्ज ठरवणार नाही. जो येईल तो लिहीन."

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. जामिनाचा कागद टेबलावरच सहीविना राहिला होता, पेन मात्र अजून तिच्या हातात होतं. आईला वाटलं होतं, या वेळी आपल्याला रडू येईल. त्याऐवजी ती काट्यावरच्या बाळाकडे आणि त्याच्या शेजारी वाकलेल्या आपल्या मुलीकडे पाहत होती. नऊ वर्षं ही मुलगी थकून घरी यायची आणि आई विचारायची, जेवलीस का? काम काय करतेस हे तिने कधी विचारलंच नव्हतं. तिला वाटायचं, इंजेक्शनं, सलाईन, बदललेल्या चादरी. हे असं काही असेल, न दिसणारं दिसायला लावणारं, याची तिला कल्पना नव्हती.

"रात्रीच्या फेऱ्यांना मी उठेन," आई म्हणाली. "तू बसून लिही. आकडे वाचायला शिकव मला." आणि पेन तिने दादाच्या वहीवर ठेवलं.

मग ते घर चोवीस तास एका काट्याभोवती चाललं. साडेचारला अठ्ठावन्न. सातला चौऱ्याऐंशी, तेव्हा दादा स्वतःवरच खूश होऊन उगाच सगळ्यांसाठी चहा करायला गेला. सव्वानऊला सहासष्ट. पुढच्या दोन फेऱ्या आईच्या अक्षरात आहेत, थोड्या तिरक्या: एकोणपन्नास, ब्याण्णव. पहाटे त्रेसष्ट. नवी वही, नव्या रेघा, काटा एकच. रात्रीच्या प्रत्येक फेरीआधी काका अंथरुणातून उठून यायचे, चार किलो ठेवून बघायचे, मान हलवून परत जायचे. कोणी त्यांना बोलावलं नव्हतं.

सोमवारी सकाळी नऊला सत्त्याहत्तर. आत्याने बेरीज केली. आठ फेऱ्या, पाचशे साठ.

"पंचवीस कमी," दादा म्हणाला.

"अजून वेळ आहे," वहिनी म्हणाली.

पण बाळ झोपलं होतं. अकरा वाजले, बारा वाजले. सिस्टरची दोन पानं लिहून झाली होती. प्राथमिक नोंदीचा एक रकाना फक्त रिकामा होता. एक वाजला. एक चाळीसला चोवीस तास पुरे होणार होते.

"उठव ना त्याला," काका कुजबुजले. "गालाला जरा हात लाव."

"नाही."

"अगं, दहा मिनिटांचा प्रश्न आहे!"

"उठवून पाजलं तर तो आकडा माझा होईल, काका. त्याचा नाही."

आयुष्यभर काका गिऱ्हाइकांना हेच सांगत आले होते: काट्याला टेकू नका. ते दोन पावलं मागे सरकले. दादाही सरकला. आत्याने कॅल्क्युलेटर पालथा ठेवला. वहिनी खुर्चीत ताठ बसली होती, हात मांडीवर, कोणालाही हात न लावता. सहा मोठी माणसं एका झोपलेल्या बाळाभोवती उभी-बसलेली आणि श्वाससुद्धा जपून.

एक वाजून बारा मिनिटांनी बाळाने तोंड वळवलं. मग मूठ तोंडाशी नेली. मग डोळे उघडले आणि सगळ्यांवर एकदम ओरडलं. त्या ओरडण्याला इतक्या आनंदाने कोणी उत्तर दिलं नसेल. आईने तर चक्क टाळी वाजवली.

पाच वाचनं. मधला आकडा. वहिनी आत गेली. एक पस्तीसला बाहेर आली. पुन्हा पाच वाचनं. सिस्टरने मधला आकडा मोठ्याने वाचला आणि आत्याने वजाबाकी केली, मग बेरीज.

सिस्टरने अर्जाचा शेवटचा रकाना भरला: काटा एक, चोवीस तास, नऊ फेऱ्या, शेवटची सत्तर, एकूण सहाशे तीस ग्रॅम.